तबला दर वेळी उतरतो: हातोडी उचलण्याआधी काय तपासायचं

तक्रार नेहमीची. तबला नीट मिळवला, म्हणजे स्वरात लावला, सोळाही घरं (पुडीच्या कडेच्या वेणीचे, म्हणजे गजऱ्याचे, सोळा भाग) एका स्वरात बोलू लागली, आणि तीनतालाची दहा-वीस आवर्तनं होतात न होतात तोच ‘ना’ हा बोल खाली बसला. पुन्हा हातोडी, पुन्हा ठोकाठोकी, पुन्हा तेच. महिनाभर असं चाललं की माणूस वैतागून पुडी (तोंडावर मढवलेलं चामडं) बदलतो, आणि नवी पुडीही आठवड्याभरात तोच खेळ सुरू करते.

गडबड शब्दापासूनच सुरू होते. ‘उतरला’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या दुखण्यांना वापरतो. एक, अख्खा तबला सारखाच खाली येतो. दोन, एखाददुसरं घर फुटतं आणि बाकीची जागेवर असतात. तीन, स्वर जागेवर असतो पण नाद मेलेला असतो, म्हणून कानाला तो उतरल्यासारखा वाटतो. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला केला तर तबला आणखी बिघडतो. तिसऱ्याला हातोडीचा उपाय मुळात नाहीच.

चार बोल वाजवून बघा

हलक्या हाताने, सावकाश: चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) ‘ना’, लवेवर (चाट आणि शाई यांच्यामधल्या भागावर) ‘तीं’, मोकळा ‘थुं’ आणि शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) ‘तिट’. ‘ना’ आणि ‘तीं’ दोन्ही सारखेच खाली आले असतील आणि चुंबळीवर (जिला हल्ली सगळे रिंगच म्हणतात) तबला फिरवत गेल्यावर सगळीकडे तोच खालचा स्वर मिळत असेल, तर अख्खा तबला उतरला आहे. फिरवताना स्वर वरखाली होत असेल, तर घरं फुटली आहेत. ‘ना’ ठीक पण ‘तीं’ बसकी, तर लवेत ओल किंवा पावडरचा थर. ‘थुं’मध्ये झर्रकन काहीतरी वाजत असेल, तर शाई सुटली आहे किंवा एखादा गठ्ठा (वाद्यांखालचा लाकडी ठोकळा) किंवा वादीचं (पुडी ताणून धरणाऱ्या चामडी पट्टीचं) शेपूट सैल आहे. ‘तिट’ मातीत बोट मारल्यासारखं येत असेल, तर शाई भरली आहे.

‘थुं’चा स्वर धरून तबला मिळवू नका. मोकळ्या पुडीचा तो खर्ज चाटेच्या स्वराशी तंतोतंत जुळतोच असं नाही. मिळवायचं ते चाटेवर.

आता एक गोष्ट, जी शिकणाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. पुष्कळदा तबला जागेवर असतो आणि हात सरकलेला असतो. ‘ना’ वाजवताना अनामिकेचं टोक शाईच्या कडेवर नुसतं टेकलेलं हवं. तिच्यावर मनगटाचं वजन आलं की नाद गुदमरतो. तर्जनी चाटेवर पडायला हवी. लय वाढली की ती नकळत अर्धा बोट आत सरकते, लवेवर पडू लागते आणि ‘ना’चा ‘तीं’ होतो. बरोबरीत (मूळ लयीत) बरा, दुगुनीत बरा आणि चौगुनीत (चौपट लयीत) उतरलेला, अशी तक्रार असेल तर हातोडी बाजूला ठेवा. तबल्याला लय कळत नाही. खात्री करायची तर उजव्या हाताची अनामिका जागेवर हलकेच टेकवा आणि डाव्या तर्जनीने चाटेवर टिचकीसारखा आघात करा. स्वर स्वच्छ आला तर दुरुस्ती उजव्या हाताला हवी आहे: तोच कायदा (बोलांची ठरलेली रचना) आठवडाभर निम्म्या लयीत, नजर चाटेवर ठेवून.

अख्खा तबला खाली येतो तेव्हा

पहिलं कारण हवा. पुडी बकऱ्याच्या चामड्याची. दमट हवेत चामडं पाणी ओढून घेतं, सैलावतं आणि स्वर उतरतो. कोरड्या हवेत ते ताठतं आणि स्वर चढतो. मालवण-रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे यांत एकच तबला दोन वेगळी वाद्यं असल्यासारखा वागतो. वातानुकूलित सभागृहात लोक हमखास फसतात. हवा गार म्हणून तबला उतरेल असं वाटतं, पण ती हवा कोरडी असते, त्यामुळे बहुतेक वेळा तो चढतो. उलट डिसेंबरातल्या उघड्या मांडवात रात्री दव पडू लागलं की तो खाली यायला लागतो.

म्हणून खोळीतून काढल्या काढल्या तबला मिळवू नका. वीस-तीस मिनिटं उघडा ठेवा, त्या खोलीची हवा त्याला लागू द्या, मग हातोडी घ्या. घाईने मिळवलेला तबला हवा लागल्यावर हलणारच. ते उतरणं नसतं, तो अजून स्थिरावलेलाच नसतो.

पावसाळ्यात खोळीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला. कपाट कोंदट असेल तर तबला कपाटात ठेवूच नका, भिंतीपासून हातभर लांब, चौरंगावर ठेवा. शेगडीवर धरणं, केस वाळवायच्या ड्रायरने शेकणं, उन्हात ठेवणं हे प्रकार सर्रास चालतात आणि दहा मिनिटं उपयोगी पडल्यासारखेही वाटतात. पण चामड्याआधी शाई वाळते, तिचे कण सुटू लागतात, आणि थंड झालेली पुडी हवेतली ओल पुन्हा ओढून घेतेच. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेला तबला तर शाईला भेग घेऊनच बाहेर येतो.

परदेशातल्या मराठी मंडळींचं दुखणं याच्या उलट. न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की तबला आपोआप चढत जातो आणि एके सकाळी पुडी गजऱ्यापाशी फाटलेली सापडते. तिथे रियाज झाल्यावर तबला अर्धा स्वर उतरवून ठेवावा आणि खोलीतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहावं. विमानात सामानात टाकायचा असेल तेव्हाही आधी उतरवावा.

दुसरं कारण नवी पुडी. कितीही चांगली ओढलेली असली तरी पहिले दोन-तीन आठवडे ती ताणत राहते, वाद्याही ताणतात. या काळात तबला रोज थोडा खाली येणार. ते बिघाडाचं लक्षण नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण स्वरावर खेचून ठेवण्यापेक्षा अर्धा स्वर खाली ठेवून रियाज करा आणि चार-पाच दिवसांनी गठ्ठ्यांवरून एकसारखा वर घ्या.

तिसरं कारण तबल्याचा आकार, आणि याची दखल सगळ्यांत उशिरा घेतली जाते. तोंडाचा व्यास साधारण सव्वापाच इंच असेल तर काळी १ ते पांढरी २ (पेटीच्या पट्ट्यांवरून दिलेली स्वरांची नावं) हा त्याचा सुखाचा पट्टा. साडेपाच इंचाचा पांढरी १ किंवा काळी १ला बरा. सहा इंचाच्या आसपासचा ढाला (रुंद तोंडाचा, खालच्या स्वराचा) तबला पांढरी ६, काळी ५ला बोलतो. काळी ४ किंवा त्याखाली सव्वासहा-साडेसहा इंच लागतात. खोडाची (तबल्याच्या लाकडी अंगाची) जाडी आणि पुडीची जात यांनी थोडाफार फरक पडतो, पण साडेपाच इंची तबल्याला काळी २ पर्यंत खेचाल तर तो टिकणार नाही. वाद्या त्यांच्या शेवटच्या ताणावर असतात, आणि प्रत्येक थापेने त्या जराशा मागे येतात.

गायिकेच्या साथीला बसणाऱ्यांना ही अडचण रोज येते. गायिकेची पट्टी काळी ४ असेल आणि जवळ ढाला तबला नसेल, तर असलेला टिपेचा (वरच्या स्वराचा) तबला तिच्या षड्जात उतरवून पुडी लोळवत बसू नका. तोच तबला मध्यमात, म्हणजे काळी १ला, किंवा पंचमात, म्हणजे काळी २ला मिळवता येतो. मात्र कलाकाराला आधी विचारा आणि राग विचारा. मालकंसात किंवा मारव्यात पंचम वर्ज्य, तिथे पंचमातला तबला तासभर खटकत राहील.

स्वर वर कसा घ्यायचा? फरक अर्ध्या स्वरापेक्षा जास्त असेल तर गजऱ्याला हात लावू नका, गठ्ठ्यांवर या. गठ्ठे आठ, आणि प्रत्येकावरून वादीचे साधारण चार पदर गेलेले असतात, म्हणजे एक गठ्ठा दोन घरं सांभाळतो. हातोडीने गठ्ठा खाली, पेंदीकडे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकवा. लगेच त्याच्या बरोबर समोरचा. मग काटकोनातले दोन. मग उरलेले चार. एक फेरी झाली की ऐका. पुरेसं नसेल तर दुसरी फेरी, त्याच क्रमाने. एकच गठ्ठा सेंटीमीटरभर खाली हाणला की त्या बाजूचा गजरा तिरका बसतो आणि पुढचे दोन महिने तो तबला कधीच नीट मिळत नाही.

एक-दोन घरं फुटतात तेव्हा

सगळ्यांत जास्त तबले इथेच खराब होतात. कारण साधं आहे: पहिलं घर खाली वाटलं की माणूस पहिल्या घरावरच ठोकत बसतो.

‘ना’ वाजवताना काय घडतं ते नजरेसमोर आणा. अनामिका शाईच्या कडेवर टेकलेली असते, म्हणून तिथून मध्यातून पलीकडे जाणारी रेषा स्थिर राहते. तर्जनीकडची अर्धी पुडी खाली जाते तेव्हा समोरची अर्धी वर येते, आणि उलट. म्हणजे पहिल्या घरावर ऐकू येणारा स्वर एकट्या पहिल्या घराचा नसतोच, तो पहिल्या आणि नवव्या घराचा मिळून असतो. पाचवं आणि तेरावं अशीच दुसरी जोडी, पहिलीला काटकोनात. या दोन जोड्यांचा ताण वेगळा असला की पुडीतून एकाच वेळी दोन जवळजवळचे स्वर निघतात आणि त्यांची लाट ऐकू येते: ‘नांऽ’ची सरळ रेघ न राहता ‘नांवंवंवं’ असा तो हलतो.

ही लाट सगळ्यांत स्पष्ट कुठे ऐकू येते? दोन जोड्यांच्या मधोमध, म्हणजे तिसऱ्या घरापाशी. तिथे ‘ना’ वाजवून कान द्या. लाट भरभर असेल तर जोड्यांत फरक मोठा. मिळवत जाल तशी ती संथ होते आणि शेवटी विरते. ‘सूर मिळाला’ हे सांगणारी याहून चांगली खूण नाही. मोबाइलच्या ॲपपेक्षा तर नक्कीच बरी, कारण ॲप आघाताच्या क्षणी भलताच आकडा दाखवतं, आणि काळी १ला २७७ हर्ट्झऐवजी कधी वरचं, कधी खालचं सप्तक.

हे सगळं शाईमुळे शक्य होतं. साध्या ताणलेल्या कातड्याच्या कंपनांचा आपसात स्वरमेळ नसतो, म्हणून ढोल कितीही ताणला तरी त्याचा नेमका षड्ज सापडत नाही. मध्यभागी शाईचं वजन आलं की ती कंपनं मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली हे मांडलं, आणि १९३४च्या शोधनिबंधात नऊ कंपनप्रकार मिळून पाच स्वरपटी कशा तयार होतात ते दाखवलं. आपल्यापुरता अर्थ एवढाच की पुडी एकसारखी ताणलेली असेल तरच शाई आपलं काम करू शकते.

आता प्रत्यक्ष क्रम. ज्या घराचा ‘ना’ सगळ्यांत स्वच्छ वाजतो ते घर क्रमांक १. खोडावर खडूने बारीक खूण करा. ते आधी तानपुऱ्याच्या षड्जाशी जुळवा. पेटीवर मैफल असेल तर त्या पेटीशी जुळवा, कारण जुन्या पेट्या ॲपमधल्या पट्टीशी जुळतीलच असं नाही आणि गायक पेटीबरोबर जाणार. मग ९. मग ५, त्यानंतर १३. या चारांत लाट मोडली की तिसऱ्या, अकराव्या, सातव्या आणि पंधराव्या घराकडे वळा. मधली सम क्रमांकाची घरं बहुतेक वेळा आपोआप जागेवर आलेली असतात. आली नसतील तर त्यांना एकेक हलका ठोका पुरतो.

एखादं घर खाली आहे आणि समोरचं खरं ढिलं आहे का, हे ठोकण्याआधी कळतं. पहिलं घर खाली बोलतंय ना? मग डाव्या हाताच्या अंगठ्याने नवव्या घराचा गजरा जोरात खाली दाबून धरा आणि पहिल्यावर ‘ना’ वाजवा. स्वर वर येऊन बरोबर बसला आणि ‘ना’ गोड झाला, तर हातोडी नवव्यावर चालवा. फरक पडला नाही, किंवा लाट वाढली, तर पहिल्यावर. एवढ्या एका सवयीने निम्मी ठोकाठोकी वाचते.

ठोका गजऱ्याच्या वेणीवर, खोडाच्या भिंतीला समांतर, सरळ खाली. आत कलला तर चाट कापली जाते, बाहेर कलला तर वादीवर बसतो आणि वादी चिरते. घर चढलं असेल तर हातोडी खालून, गजऱ्याच्या खालच्या कडेला, दोन वाद्यांच्या मधे, वरच्या दिशेने हलकेच. उतरवताना चढवतानाच्या निम्मा जोर पुरतो. आणि तपासताना जोरात वाजवू नका. जोराच्या आघाताने पुडी क्षणभर जास्त ताणते आणि स्वर असतो त्याहून चढा ऐकू येतो. मग तुम्ही तबला खाली ठेवता आणि साथीला बसल्यावर तो उतरलेला वाटतो.

हे सगळं करूनही एखादं घर वारंवार फुटत असेल तर आठवडाभर नोंद ठेवा: कोणतं घर, किती वेळाने. रोज वेगळं घर फुटत असेल तर हवा किंवा मिळवण्याची पद्धत. रोज तेच एक घर, खडूच्या खुणेपासून तितक्याच अंतरावर, असं असेल तर दोष तिथे बसलेला आहे. तिथली वादी पातळ झाली आहे, किंवा गठ्ठा झिजून निसटतो आहे, किंवा खोडाची कड तिथे खाली आहे. गठ्ठा तुमच्या हातातला: सैल वाटला तर जरा जाड गठ्ठा घाला, वादी कोरडी असताना, आणि समोरचाही तपासा. वादी आणि कड तबलेवाल्याकडे. गजरा आधीच इतका खाली गेला असेल की खोडाच्या काठाखाली बोटभर अंतर दिसतं, तर त्या घरावर आणखी ठोकण्यात अर्थ नाही. वाद्या पुन्हा खेचून घ्याव्या लागतील.

स्वर आहे, नाद नाही

पहिला संशयित टाल्कम पावडर. घाम आणि पावडर मिळून लवेवर आणि शाईवर लुकण तयार होतं. शाई ही एक सलग टिकली नसते. भाताची किंवा गव्हाची खळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती तयार होते. घोटताना तिला जाळीदार बारीक भेगा पडतात. त्या भेगांमुळेच एवढा जड थर पुडीबरोबर लवचिकपणे हलतो. त्या लुकणाने भरल्या की शाई ताठ होते. पावडर लावायची तर तळव्याला, चिमूटभर, आणि झटकून. वाजवून झालं की सुती कोरड्या फडक्याने मधून बाहेर पुसा. ओलं फडकं, कोलन, तेल काहीही नको. भरलेली शाई मऊ दाढीच्या ब्रशने झाडली तर थोडी मोकळी होते.

शाई सुटली आहे का हे पाहायला तबला कानाशी धरा आणि नखाने शाईवर हलकेच टकटक करा. घट्ट शाईचा आवाज बंद आणि एकसारखा येतो. सुटलेल्या जागी चरचर येते. कडेचा एखादा कण उडाला तर घाबरू नका. मधला तुकडा गेला तर तिथलं वजन गेलं, स्वर थोडा चढतो, ‘तीं’ बेसूर होते आणि ‘धिरधिर’मध्ये तळवा पडताच खरखर येते. यावर डिंक, फेविकॉल असले प्रयोग करू नयेत. ती पुडी संपली.

दिल्ली बाजाचे (वादनशैलीचे) चाटप्रधान कायदे करणाऱ्याला चाटेचा दोष लगेच टोचतो आणि शाईचा उशिरा. पूरब अंगाचं ‘धिरधिर’, ‘तकतक’ करणाऱ्याचं उलट. त्यामुळे आपल्या रियाजात जे कमी येतं ते तपासताना मुद्दाम वाजवा.

‘थुं’मधली झर्र मात्र शाईचीच असेल असं नाही. आधी हातातली अंगठी काढा. मग एकेक गठ्ठा बोटाने दाबत ‘थुं’ वाजवा, वादीचं शेवटचं टोक खोचलेलं आहे का बघा, चुंबळ बदलून बघा. अर्धे तबले इथेच बरे होतात.

डग्ग्याबद्दल (डाव्या हाताच्या जोडवाद्याबद्दल) थोडक्यात. त्याला नेमक्या स्वरात मिळवायची गरज नसते, पण पुडी एकसारखी ताणलेली असावी लागते, नाहीतर ‘घे’ची मींड (घसरत जाणारा स्वर) मधेच तुटते. पावसाळ्यात तो लोळतो. चारही दिशांना गजऱ्यावर एकेक ठोका द्या, एका बाजूला चार नकोत. फार ताठला तर घुमारा जातो आणि ‘घे’चा ‘गे’ ऐकू येतो. तेव्हा खालून दोन हलके ठोके. मनगट शाईच्या मागे लवेवर टेकतं तिथेच घाम साचतो, म्हणून पुसायची जागा ती.

पखवाजाची तक्रार बाहेरून सारखीच दिसते, पण तिथे डाव्या पुडीवर कणीक असते. कणीक घट्ट मळलेली असेल तर वाजवता वाजवता वाळते, हलकी होते आणि डावं अंग चढतं. मग उजवं उतरल्यासारखं वाटतं. भजनाला बसताना पाण्यात बुडवलेलं बोट तासाभराने कणकेवरून फिरवा. वाजवून झाल्यावर कणीक पूर्ण खरवडून काढा. राहिलेली कणीक वाळताना कातडं ओढते, आणि रात्री झुरळं-उंदीर तिच्यासाठी येतात ते कातड्यालाही तोंड लावतात.

मैफलीच्या दिवशी

निदान पाऊण तास आधी पोहोचा. तबला मंचावर, जिथे बसणार तिथेच, उघडा ठेवा. ग्रीनरूममध्ये मिळवलेला तबला मंचावरच्या दिव्यांखाली बदलतो. पिवळे हॅलोजन असतील तर जास्त, एलईडी असतील तर कमी. पहिल्यांदा मिळवा, मग मंचावरचे दिवे पूर्ण लागल्यावर पुन्हा एक फेरी, फक्त १, ९, ५, १३.

पिशवीत हातोडी, सुती फडकी दोन, पावडर, एक-दोन जादा गठ्ठे, हातभर वादी. दुसरा तबला त्याच स्वरात मिळवून बाजूला, शालीखाली. त्यालाही तीच हवा लागू द्या, खोळीत नको.

वाजवताना उतरला तर? विलंबित ख्यालात गायक आलापात असताना एका घरावर एक ठोका चालतो, समेच्या जवळ नाही आणि गायकाच्या श्वासावरही नाही. हातोडी मारण्याआधी माइक जरा बाहेर वळवा, नाहीतर तो ठोका मागच्या रांगेपर्यंत जातो. आणि एका वेळी एकच घर. आवर्तनामागून आवर्तन गजरा बडवणारा साथीदार रसिकांना आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. अख्खा तबला अर्धा स्वर खाली आला असेल तर ठोकत बसण्यापेक्षा बंदिश संपताच दुसरा तबला घ्या. एकल वादनात लेहरा (साथीला फिरत राहणारी धून) चालू असताना पेशकारानंतरची (सुरुवातीच्या संथ रचनेनंतरची) उसंत हीच मिळवायची जागा. कायदा सुरू झाल्यावर मधे थांबणं वाईट दिसतं.

पुडी बदलायला नेताना

‘उतरतो’ एवढंच सांगितलं तर तबलेवाला नवी पुडी चढवून देईल आणि खोडाचा दोष खोडात राहील. म्हणून नोंद घेऊन जा: कोणतं घर, किती वेळात, कोणत्या हवेत. कोणती पट्टी हवी ते सांगा, आणि किनारीचं (चाटेवरचं) काम जास्त असेल तर चाट किती रुंद हवी तेही. जुनी पुडी उतरवली की खोड तुमच्यासमोर काचेवर उलटं ठेवायला सांगा आणि काचेच्या पातळीला डोळा आणून कडेखालून बघा. कुठे उजेडाची फट दिसली आणि ती खडूच्या खुणेशी जुळली, तर आधी ती कड घासून सपाट करून घ्या. नवी पुडी त्यानंतर.